माजघरातली भाषा

परवा संध्याकाळी आमच्या ओसरीवर जोरदार वाद झाला. वाद राजकारणाचा नव्हता, क्रिकेटचा तर नाहीच नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं संकेतस्थळ नव्याने उभारायचं ठरलंय, आणि ते कोणत्या भाषेत लिहायचं यावरून माझे दोन विद्यार्थी हमरीतुमरीवर आले होते. (विद्यार्थी म्हणजे एकाचे केस पिकलेत आणि दुसऱ्याचे गेलेत!) ‘भाषा’ हा शब्द ऐकल्यावर मी आतून बाहेर आले. मला वाटलं, मराठी की इंग्रजी असा काही वाद असेल. पण नाही. पायथॉन, जावास्क्रिप्ट की जुनी पीएचपी, असा तो प्रश्न होता. शेवटी एकजण म्हणाला, "जाऊ दे, बाईंनाच विचारू. बाई, तुम्हीच सांगा."

मला हसू आलं. प्रोग्रॅम लिहिण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण जन्मभर इतिहास शिकवला, आणि या प्रश्नालाही आता तीस वर्षांचा इतिहास आहे. शिवाय आमचं आधीचं संकेतस्थळ कसं बुडालं, ते त्या दोघांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. त्यावर शेवटी येतेच. त्या दोघांना मी म्हटलं, "चहा घ्या आणि घरी जा. मी लिहून कळवते." तर हे ते लेखी उत्तर. चू.भू.द्या.घ्या.

ताई आणि नागपूरच्या वहिनी हे वाचणार, म्हणून आधी थोडं समजावून सांगते. संगणकावर किंवा फोनवर आपण एखादं पान उघडतो, ती झाली घराची ओसरी. तिची भाषा सगळ्यांना एकच घ्यावी लागते, कारण ती आपल्याकडच्या ब्राउझरला कळायला हवी. पण ओसरीच्या मागे माजघर असतं. तिथे सर्व्हर नावाचा संगणक चोवीस तास जागा असतो. आपण काही मागितलं की तो कपाट उघडतो, हवं ते शोधतो, पान मांडतो आणि पाठवून देतो. या माजघरात कोणती भाषा बोलायची हे मात्र घरमालकाच्या मर्जीवर. पाहुण्याला ती कधी ऐकूच येत नाही. म्हणून निवड मोकळी, आणि म्हणूनच वाद फार.

सुरुवातीला माजघर नव्हतंच. लिहून ठेवलेली पानं तशीच्या तशी पाठवायची, एवढंच काम. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात सीजीआय नावाची एक रीत ठरली. मागणी आली की सर्व्हरने दुसरा एखादा प्रोग्रॅम चालवायचा आणि तो जे लिहून देईल ते पाहुण्याला द्यायचं. तो प्रोग्रॅम कोणत्याही भाषेतला चालेल. झालं, निवडीचा प्रश्न जन्माला आला!

त्या काळी बहुतेकांनी पर्ल घेतली. पर्लचे कर्ते लॅरी वॉल हे मुळात भाषाशास्त्राचे विद्यार्थी. लिपी नसलेली एखादी भाषा शोधून तिला लिपी द्यावी, असं त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या मनात होतं. प्रकृतीमुळे ते राहून गेलं. पुढे १९८७ मध्ये त्यांनी पर्ल जगापुढे ठेवली. एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी सांगता आली पाहिजे, हे त्या भाषेचं ब्रीद. मजकूर चाळणं, त्यातून हवं ते निवडणं, याला ती फार चांगली. पण ब्रीदाचीच दुसरी बाजू अशी की एकाने आपल्या तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्याला सहज वाचता येईलच असं नाही. शिवाय सीजीआयच्या रीतीत दर मागणीला प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करावा लागे. म्हणजे प्रत्येक पाहुण्याच्या चहासाठी चूल नव्याने पेटवायची. चार पाहुणे असतील तर ठीक, लग्नघरी कसं जमायचं?

याच सुमाराची दुसरी गोष्ट. रासमुस लर्डॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि डेन्मार्क-कॅनडात वाढलेला तरुण. १९९४ मध्ये त्याने स्वतःचा बायोडाटा आंतरजालावर ठेवला आणि तो किती जण बघतात हे मोजायला काही छोटी साधनं लिहिली. ८ जून १९९५ ला ती सगळ्यांना फुकट देऊन टाकली. नाव काय, तर ‘पर्सनल होम पेज टूल्स’. हीच आपली पीएचपी. नवी भाषा काढण्याचा त्याचा इरादाही नव्हता. पुढे इस्राएलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला, ती १९९८ ची पीएचपी ३.

अशी न ठरवता वाढलेली भाषा, तेव्हा तिच्यात विसंगती भरपूर. गवताच्या गंजीत सुई शोधायची तर एका ठिकाणी आधी गंजी सांगायची मग सुई, आणि दुसऱ्या ठिकाणी आधी सुई मग गंजी! व्याकरणाच्या तासाला मी अशा भाषेला काठावर पास केलं असतं. जाणकार तिला नावं ठेवतात ती उगीच नाही. पण तिचा एक गुण फार मोठा होता. साधं पान लिहायचं आणि जिथे काही मोजायचं, शोधायचं असेल तिथेच मध्ये दोन ओळी तिच्या घालायच्या. सर्व्हरच्या पोटातच ती बसे, त्यामुळे दर वेळी चूल पेटवायला नको. स्वस्तातली भाड्याची जागा घेतली तरी तिथे ती हजर असे. ज्याला साधं पान करता येत होतं तो आठवड्याभरात तिच्यात काहीतरी चालतं करून दाखवी. शास्त्रशुद्ध नसेल, पण दार उघडं होतं.

आता याच्या अगदी उलट टोकाची निवड पाहा. १९९५ मध्येच पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी अमेरिकेत व्हायावेब नावाची कंपनी काढली. लोकांना घरबसल्या आंतरजालावर दुकान उभारून देण्याचं काम. दुकान मांडण्याचा मुख्य भाग त्यांनी लिस्पमध्ये लिहिला. लिस्प ही जॉन मॅकार्थी यांची १९५८ ची भाषा, विद्वानांची लाडकी आणि बाजारात अनोळखी. ग्रॅहम यांनी २००१ मध्ये एक निबंध लिहून सांगितलं, की माणसं मोजकी असताना आम्ही प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे राहिलो ते या भाषेच्या बळावर. खोटं वाटत नाही. १९९८ मध्ये याहूने ती कंपनी सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घेतली.

पण गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी २००३ मध्ये याहूने तोच भाग सी++ आणि पर्लमध्ये नव्याने लिहून आणला. ग्रॅहम यांनीच नोंदवलंय, की ते भाषांतर करताना सी++ मध्ये लिस्पचा एक दुभाष्याच लिहावा लागला. मला ही गोष्ट वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. निवड करणाऱ्यांची निवड त्यांच्यापुरती शंभर टक्के बरोबर होती. ते गेले आणि घर ज्यांच्या हाती आलं त्यांना ती भाषा आपली वाटली नाही, एवढंच.

गंमत म्हणजे त्याच याहूने २००२ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं, की यापुढे आपली नवी पानं पीएचपीत लिहायची. तोवर ते स्वतः घडवलेली घरगुती भाषा वापरत. त्यांनी जावा पाहिली, पर्ल पाहिली, मायक्रोसॉफ्टची पद्धत पाहिली. मायक्रोसॉफ्टचं तंत्र एकाच कंपनीच्या मालकीचं. जावा त्यांच्या सर्व्हरवरच्या यंत्रणेत नीट रुळेना. पर्लबद्दल त्यांची तक्रार तीच, एक गोष्ट करायच्या तऱ्हा फार. एवढ्या मोठ्या कंपनीनेही घरची भाषा सोडून चारचौघांची भाषा घेतली. नव्याने नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाला घरगुती भाषा पहिल्यापासून शिकवायची, यात किती वेळ जातो हे कोणाही शिक्षकाला सांगायला नको.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती विकिपीडियाची गोष्ट. कारण तिथे पगार नाही, मालक नाही. जो येईल त्याने हातभार लावायचा.

विकी हा प्रकार वॉर्ड कनिंगहॅम यांचा, १९९५ चा, पर्लमध्ये लिहिलेला. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं नाव ‘विकी विकी’ होतं, त्यावरून हे नाव. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला तो युजमॉडविकी या तयार साधनावर. क्लिफर्ड अॅडम्स यांनी लिहिलेलं तेही पर्लमध्येच. एक लेख म्हणजे एक साधी फाईल, वेगळं कपाट नाही. दुवा द्यायची रीतही मजेदार होती. दोन शब्द जोडून मध्येच मोठं अक्षर काढलं की तो दुवा व्हायचा. आता आपल्या बाळबोध लिपीत मोठी नि धाकटी अक्षरं आहेत कुठे? ही रीत टिकली असती तर मराठीत दुवा द्यायची पंचाईतच होती. सुदैवाने २००१ मध्येच दुहेरी चौकटी कंसांची रीत आली आणि आपली सुटका झाली.

लेख वाढले, वाचक वाढले, आणि फायलींचा ढीग आवरेना. तेव्हा माग्नुस मान्स्के पुढे आला. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठातला जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी. संगणकाचा पदवीधर नव्हे. त्याने आपणहून नवा प्रोग्रॅम लिहिला, पीएचपीमध्ये, आणि लेख ठेवायला मायएसक्यूएल हे कोठार घेतलं. २५ जानेवारी २००२ ला इंग्रजी विकिपीडिया त्यावर गेला. थोड्याच महिन्यांत गर्दीने तोही धापा टाकू लागला. मग ली डॅनियल क्रॉकर यांनी तो पुन्हा लिहून काढला आणि २० जुलै २००२ ला नवी आवृत्ती चालू झाली. आज जिला मीडियाविकी म्हणतात ती ही.

इथे मी जरा थांबते. मान्स्केचं घर सहा महिन्यांतच अपुरं पडलं, म्हणजे त्याची निवड चुकली का? मला तसं वाटत नाही. क्रॉकर यांनी भिंती पाडल्या, पण भाषा तीच ठेवली. पहिल्याने काय केलंय ते दुसऱ्याला वाचता आलं, कुठे अडतंय ते दिसलं, आणि त्याने ते बदललं. त्यानंतर कितीतरी लोकांनी त्यात हात घातला. दहा-पाच हुशार माणसांनाच कळेल अशी भाषा असती तर त्या दहा-पाच जणांना नोकऱ्या लागताच काम थांबलं असतं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी सुरू झाला, तो याच पीएचपीच्या माजघरावर. निवृत्तीनंतर मीही तिथे चार लेखांची भर घातली. तेव्हा एका विद्यार्थ्याने मला मीडियाविकीच्या पोटातली मराठीची फाईल दाखवली. त्यात ‘सदस्य’, ‘चर्चा’, ‘साचा’, ‘वर्ग’ असे आपले शब्द सरळ देवनागरीत लिहिलेले, इंग्रजी अंकांच्या जागी कोणते मराठी अंक दाखवायचे त्याचा तक्ता दिलेला. मला, मराठी माध्यमाच्या बी.ए. बाईला, प्रोग्रॅमची ती फाईल अर्धीअधिक वाचता आली! त्या दिवशी मला पीएचपीबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

अर्थात ती मराठीसाठी घडलेली नाही, हेही लगेच कळलं. ‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती? वर्गात विचारलं तर मुलं सांगतील, तीन. संगणकाच्या युनिकोडनुसार म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं. आणि पीएचपीला साध्या रीतीने लांबी विचारली तर ती सांगते, पंधरा! कारण ती अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजते, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. नीट मोजायला वेगळी फंक्शनं घ्यावी लागतात. मीडियाविकीत लेखाच्या शीर्षकाला मर्यादा २५५ बाइटची. इंग्रजीला २५५ अक्षरं मिळतात, आपल्याला काना-मात्रा धरून ८५. केलेल्या बदलाचं कारण लिहायच्या जागेलाही हीच मर्यादा होती. २०१८ मध्ये ती ५०० चिन्हांपर्यंत वाढली तेव्हा कुठे सगळ्या लिप्यांना सारखी जागा मिळाली. पीएचपीच्या पोटातच युनिकोड बसवायचा मोठा घाट घातला गेला होता, ती होणार होती पीएचपी ६. २०१० मध्ये तो बेत सोडून दिला, आणि पुढची आवृत्ती थेट ७ क्रमांकाची आली. माजघरातली भाषा पाहुण्याला ऐकू येत नाही असं मी वर म्हटलं खरं, पण कधीकधी येते. शीर्षक मध्येच तुटलं की समजावं, माजघरात आपल्या लिपीचा हिशोब कोणी केला नव्हता.

पुढचा इतिहास थोडक्यात. फेसबुकही २००४ पासून पीएचपीवरच. डोलारा वाढला तशी त्यांना ती मंद वाटू लागली. त्यांनी ती पळवायला एचएचव्हीएम नावाचं इंजिन बनवलं आणि २०१४ मध्ये हॅक नावाची स्वतःची भाषाच काढली. त्याच वर्षी विकिपीडियाही त्या इंजिनावर गेला, कारण वेग चांगला होता. पण २०१७ मध्ये फेसबुकने सांगितलं, की यापुढे हे इंजिन पीएचपीसाठी नसेल, फक्त हॅकसाठी. तोवर मूळ पीएचपीची ७ वी आवृत्ती बरीच वेगवान झाली होती. विकिपीडिया २०१९ मध्ये मुकाट्याने तिच्याकडे परत आला. त्याच वर्षी पारसॉइड नावाचा त्यांचा एक भाग, जो जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला होता, तोही पीएचपीत आणला. एका घरात दोन भाषा बोलणं महाग पडतं, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसलं की त्याच्या वाटेने जावं लागतं. दोन्ही धडे जुनेच.

मला हे सगळं वाचताना मोडी आठवत होती. हात न उचलता झरझर लिहिता येणारी लिपी, कारकुनांच्या सोयीची. तीही एक परीने ‘विकी विकी’च की! शेकडो वर्षं महाराष्ट्राचा कारभार तिच्यात चालला. लिहिणाऱ्यांची निवड अजिबात चूक नव्हती. छपाईला बाळबोध सोयीची ठरली, शाळांतून मोडी गेली, आणि आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल आहेत पण ते वाचणारी माणसं थोडी. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. तुटली ती वाचणाऱ्यांची साखळी.

आता आमच्या संकेतस्थळाबद्दल. २००९ मध्ये शाळेच्या एका अतिशय हुशार माजी विद्यार्थ्याने ते एकहाती उभारलं. त्या वेळची अगदी नवी, देखणी पद्धत त्याने वापरली होती. आम्ही सगळे हरखून गेलो. जुन्या विद्यार्थ्यांनी आठवणी लिहिल्या. आमचे जुने मुख्याध्यापक तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मी त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या आणि रात्री जागून टंकित केल्या. दुष्काळात शाळा कशी चालवली, पहिल्या मुली शाळेत कशा आणल्या, सगळं. पुढे तो विद्यार्थी संसारात आणि नोकरीत गुंतला. सर्व्हरवर कसलीशी सुधारणा झाली आणि संकेतस्थळ बंद पडलं. गावातल्या तीन मुलांनी बघितलं, तिघांनीही हात टेकले. ही पद्धत आम्हाला येत नाही, म्हणाले. त्याला फोन करून करून मलाच संकोच वाटू लागला. मग जागेचं भाडं भरायचं राहिलं, आणि एक दिवस सगळं गेलं. ज्या वहीत मी उतरवून घेतलं होतं ती वही, टंकून झालं म्हणून, मीच रद्दीत दिली होती. सर तर त्याआधीच गेले होते.

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याने मनापासून केलं होतं. दोष द्यायचा तर मला द्या, कारण वही मी टाकली. पण तेव्हा आम्ही एकच विचारलं होतं, ‘छान दिसेल ना?’ जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही.

तर माझ्या दोन्ही पंडितांनो, तुमच्या वादावर माझं उत्तर असं. पायथॉन घ्या, जावास्क्रिप्ट घ्या नाहीतर पीएचपी घ्या. तिन्ही भाषा आज धडधाकट आहेत आणि तिन्ही जाणणारी मुलं आपल्या तालुक्यातही मिळतात. चार दिवसांत काही चमत्कार करून दाखवायचा असेल, तर ज्याचा हात जिच्यावर बसलाय ती त्याने घ्यावी. व्हायावेबवाल्यांनी तेच केलं आणि ते चुकले नाहीत. पण आपल्याला चमत्कार करायचा नाहीये, आठवणी ठेवायच्या आहेत. तेव्हा माझ्या अटी दोनच. तुम्ही निवडाल त्या भाषेत, तुम्ही लिहिलेलं, तुमच्याखेरीज गावातल्या निदान तिघांना उघडून वाचता आणि दुरुस्त करता आलं पाहिजे. सुरू करण्याआधी त्या तिघांना बोलावून माझ्यासमोर वाचायला लावा. अडखळले तर भाषा बदला किंवा लिहायची तऱ्हा बदला. दुसरी अट, दर महिन्याला सगळ्या आठवणी साध्या मजकुराच्या फायलीत उतरवून शाळेच्या कपाटात ठेवायच्या. आणि मराठी नावं-शीर्षकं मध्येच तुटत नाहीत ना, ते पहिल्याच दिवशी तपासा. ‘मराठी’चे पंधरा होत नाहीत ना, बघा!

एवढं झालं की रविवारी या. सरांनी सांगितलेल्यातलं मला जे जे अजून आठवतंय ते मी पुन्हा लिहायला घेतलंय. दुष्काळाचं प्रकरण झालं, मुलींचं अर्धं झालंय. या वेळी वहीत लिहितेय, आणि वही रद्दीत जाणार नाही.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कोणाचं असं काही हरवलंय का, आणि ते परत मिळालं का, जरूर कळवा.